कोंबड्यांसाठी हिरवं रान

गावरान, गिरिराज किंवा वनराज कोंबड्या मोकळ्या सोडता, पण परसात नुसती माती उरली असेल, तर तिथं लसूणघास लावा. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एकरी साधारण 10 किलो बियाणं, ओळींत फूटभर अंतर. उगवल्याबरोबर कोंबड्या मात्र सोडू नका. कोवळी रोपं त्या उकरून टाकतात. पहिल्या कापणीपर्यंत, म्हणजे 55 ते 60 दिवस, जाळी राहू द्या.

मग जागेचे तीन-चार भाग पाडा आणि कोंबड्या आळीपाळीनं फिरवा. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. चरलेला घास पुन्हा फुटतो, आणि एकाच जागी विष्ठा साचून होणाऱ्या रक्ती हगवणीचा धोका घटतो. पिलांना तर हा रोग फार लवकर गाठतो.

हिरव्या पाल्यामुळं अंड्याचा बलक गर्द पिवळा होतो. पण कोंबडीचं पोट गाईचं नव्हे. नुसत्या चाऱ्यावर ती जगणार नाही. मका, भरडा चालूच ठेवा. शेवग्याचा पाला जरूर घाला. सुबाभळीचा टाळा, त्यातलं मायमोसिन कोंबड्यांना बाधतं. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.