खोक्यावर नसलेले नाव

हाताला रंग लागलेला असूनही आज पांढरे कपडे घालून आलेल्या माझ्या चित्रकला शिक्षक बंधुभगिनींनो,

सुरतेत मराठी माणूस भाषणाला उभा राहिला की त्याने मराठ्यांच्या 1664 च्या स्वारीचा उल्लेख करायचा आणि हशा घ्यायचा, अशी रीत आहे. हशा कमी पडला तर 1670 हाताशी असतेच. मी ती वाट सोडून देतो, कारण मला आणि माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना इथे घेऊन आली ती ताप्ती लाइन. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे या रुळांवरून पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला येत राहिली. उधन्याला उतरली, लिंबायत-दिंडोलीत राहिली, मागावर उभी राहिली. या वस्त्यांमध्ये आजही सकाळी पाण्याच्या नळावर अहिराणीच ऐकू येते.

या मार्गावरच्या नवापूरच्या फलाटावर एक बाकडे आहे, अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. येताना गाडी तिथे थांबली तेव्हा मनात आले की या बाकड्याच्या दोन टोकांना चित्रकलेची वही घेतलेली दोन मुले बसली, तर एकाचा पेपर मुंबईचे कला संचालनालय काढील आणि दुसऱ्याचा गांधीनगरचे राज्य परीक्षा बोर्ड. 1960 च्या मे महिन्यापर्यंत ही दोन्ही टोके एकाच मुंबई राज्यात होती. राज्ये वेगळी झाली, पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दोन्हीकडे राहिल्या. आमच्याकडे त्यांना ग्रेड परीक्षा म्हणतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन. ‘कर्तव्यभूमिती’ हा शब्द ज्याने घडवला त्याला माझा नमस्कार. भूमितीत कर्तव्य असते हे आमच्या गणिताच्या सरांनीही कधी सांगितले नाही.

आता मुद्द्याकडे येतो. माध्यमिक शाळेतला चित्रकलेचा विभाग वाढतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्याचे माजी विद्यार्थी मोजायचे कसे, एवढेच मला आज बोलायचे आहे. मोजण्यात आपण चुकत आलो आहोत, मी तर सर्वांत जास्त.

परवा उधना स्टेशनाबाहेर एका पोट सुटलेल्या गृहस्थाने वाट अडवली. “सर, माले वळखं का?” चेहरा ओळखू येईना. तेव्हा तोच म्हणाला, “बाजाराचं चित्र. छत्रीवाला.” लख्ख आठवले. स्मरणचित्राच्या सरावाला ‘आठवडे बाजार’ असा विषय दिला होता. वर्गातल्या साऱ्या मुलांनी भाज्यांचे ढीग काढले. याने एकच माणूस काढला, मोडक्या छत्र्या दुरुस्त करणारा, आणि त्याच्याभोवती छत्र्यांच्या काड्यांचे जाळे. मी त्याला कमी गुण दिले होते, कारण बाजार दिसत नव्हता. नाव विसरलो, चेहरा विसरलो, पण चित्र विसरलो नाही. आपल्या धंद्यात असेच होत असावे.

तो आज साडीची डिझाइन करतो. मला हाताला धरून कामाच्या जागी घेऊन गेला. रोटरी मशीनवर प्रत्येक रंगाला एक स्क्रीन. नळकांड्यासारखी ती स्क्रीन फिरते आणि तिचा एक फेरा साधारण 64 सेंटिमीटरचा. म्हणजे काढलेली वेल 64 सेंटिमीटरवर स्वतःलाच येऊन मिळाली पाहिजे. एक पान अर्धे राहिले, तर हजारो मीटर कापडावर ते अर्धेच राहणार. आधी चित्र, मग रंगांचे सेपरेशन, मग एकाच डिझाइनची वेगवेगळ्या रंगसंगतीतली चार-सहा मॅचिंग. हे सगळे दाखवून झाल्यावर तो म्हणाला, “तुम्ही नक्षीकामाला सांगायचा ना सर, या कडेला तुटलेलं पान त्या कडेला जुळलं पाहिजे. माझी भाकरी त्याच वाक्यावर चालू आहे.”

ते वाक्य मी वर्षानुवर्षे कंटाळून म्हणत आलो होतो. माझ्या समजुतीप्रमाणे खरी कला वस्तुचित्रात होती आणि नक्षीकाम हा परीक्षेचा एक उपचार. निघताना त्याने घरच्यांसाठी एक साडी दिली. खोक्यावर ब्रँडचे नाव मोठ्या अक्षरांत होते. माझ्या विद्यार्थ्याचे नाव कुठेच नव्हते. आणि प्रामाणिकपणे सांगतो, शाळेच्या अहवालात ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी’ ही यादी मीच करत असे. तिच्यातही ते नव्हते.

नामवंतांबद्दल मला आकस नाही. उलट, शाळेतला एक माणूस काय करू शकतो हे त्यांच्यामुळेच जगाला कळते. बेळगावचे के. बी. कुलकर्णी घ्या. मुंबईत मोठे नाव काढण्याची ताकद असलेला हा माणूस बेननस्मिथ हायस्कुलात चित्रकला शिकवत राहिला आणि गावातच ‘चित्रमंदिर’ चालवले. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. पुढे मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात आणि नैरोबीत काम केलेले, पुण्यात स्थिरावलेले, 2022 साली गेलेले. व्यक्तिचित्रकार जॉन फर्नांडिसही कुलकर्ण्यांचेच. परांजप्यांनी आत्मचरित्राला ‘ब्रश मायलेज’ हे नाव दिले. कुंचला किती मैल चालला याचा हिशेब म्हणजे ब्रश मायलेज. तो हिशेब बेळगावात सुरू झाला होता. सीमाभागातल्या एका गावाने इतके चित्रकार दिले, याचे श्रेय हवापाण्याला देणारे लोक मी पाहिले आहेत. हवापाणी तर आमच्या नंदुरबारचेही वाईट नाही. बेळगावात एक माणूस जागेवरून हलला नाही, हे त्याचे खरे कारण.

दुसरी साखळी इंदूरची. दत्तात्रय देवळालीकर मास्तरांनी 1927 च्या सुमारास होळकरांच्या इंदुरात चित्रकलेची शाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे तिथे शिकले, आणि पुढे जगभर गाजलेले हुसेनही तिथे जात. विष्णू चिंचाळकरही देवळालीकरांचेच. बेंद्रे 1950 साली बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले. त्यांच्या हाताखाली ज्योती भट्ट तयार झाले, गुलाममोहम्मद शेख तयार झाले. आणि हकु शाह. हे शेवटचे नाव सुरतेत मुद्दाम घेतो, कारण हकुभाईंचा जन्म 1934 चा, इथून जवळच्या वालोडचा. तेव्हा ते सुरत जिल्ह्यातच होते. बडोद्याची पदवी घेऊन हा मुलगा परत कुठे गेला? वेडछीच्या आश्रमात, मुलांना शिकवायला. पुढे अहमदाबादेत गुजरात विद्यापीठात आदिवासी संग्रहालय उभारले, पद्मश्री मिळाली. पण आधी ती शाळा. मराठी मास्तराने इंदुरात पेटवलेला दिवा बडोद्यामार्गे वेडछीच्या चौधरी-गामित आदिवासी पोरांपर्यंत पोचला. देवळालीकरांच्या ‘माजी विद्यार्थ्यां’त ही पोरे मोजायची की नाही? मी मोजतो.

इथून जवळ हरिपुरा आहे. 1938 च्या फेब्रुवारीत तिथे सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी त्या नगरासाठी चित्रफलक रंगवले. पिंजारी, ढोलकवाले, मल्ल, दळणकांडण करणाऱ्या बायका. नंदबाबूंनी स्वतः ऐंशीच्या वर काढले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती केल्या. सारे मिळून चारशेच्या घरात गेले. कलेच्या इतिहासात हरिपुरा म्हटले की नंदलाल, आणि ते योग्यच आहे. पण अधिवेशनाला बैलगाडीतून आलेल्या बारडोलीच्या शेतकऱ्याने जो पिंजारी पाहिला, तो बहुधा प्रतीतला. कोणा पोराने रात्री जागून काढलेला. त्या पोरांच्या नावांचा फलक कुठे लागला नाही.

माझ्या विभागाबद्दल थोडे सांगतो. सुरुवात झाली प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत. तिला उत्तरेकडे एक झरोका होता, एवढेच तिचे भाग्य. एका पितळी तांब्यावर, एका मडक्यावर आणि वाण्याकडून आणलेल्या केळ्यांवर आम्ही वस्तुचित्र शिकलो. केळी शिपाई दुपारी खाऊन टाकत असे, म्हणून मुले भराभर काढायला शिकली. त्या वेगाचे श्रेय मी नंतर बरीच वर्षे माझ्या अध्यापनपद्धतीला दिले.

विभाग वाढला तो अनुदानाने नव्हे आणि स्पर्धांच्या ढालींनीही नव्हे. शाळा सुटल्यावर खोलीला कुलूप लावायचे मी विसरलो, आणि मग विसरतच राहिलो. कॉलेजात गेलेली मुले रविवारी येऊन बसू लागली, लहानांची चित्रे दुरुस्त करू लागली. माझ्याकडून जे मुलांना कळत नसे ते त्यांच्याकडून कळे, कारण तीच चूक त्यांनी दोन वर्षांपूर्वी केलेली असे. शिकलेला मुलगा परत येऊन शिकवतो तेव्हा विभाग उभा राहतो. तोवर असतो तो चित्रकलेचा तास.

पुढे इंटरमिजिएटचे गुण दहावीला धरू लागले. ए श्रेणीला 7, बीला 5, सीला 3. खोली ओसंडून वाहू लागली. मी खूश झालो, हे कबूल करतो. पण तेव्हाच एक गोष्ट घडली जिच्याकडे मी उशिरा पाहिले : परीक्षा झाली की मुले यायची बंद. रंगपेटी धाकट्या भावाला. सात गुणांसाठी आलेला मुलगा सात गुण घेऊन जातो, त्यात त्याचा दोष नाही. पटावर आकडा फुगला आणि रविवारची खोली रिकामी झाली. त्या वर्षीच्या अहवालात मी ‘विक्रमी संख्या’ असे लिहिले आहे. ते वाक्य मला आजही टोचते.

सरकारकडे गाऱ्हाणे मांडावे अशी माझ्यासारख्या अध्यक्षाकडून अपेक्षा असते. एकच मांडतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची वाचा. शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कलेसाठी कोण मिळणार? अंशकालीन निदेशक. पितळी तांब्यावर उजेड सकाळी कुठे पडतो आणि दुपारी कुठे सरकतो, हे अंशकाळात शिकवता येत नाही. बेळगावच्या त्या शिक्षकाला तासावर नेमले असते तर तो तास संपवून मुंबईची गाडी धरून गेला असता. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत. त्या शाळांतल्या कितीतरी मुलांचे आईबाप कापडाच्या धंद्यात आहेत. रंग, वेल, बुट्टा, पल्लू हे शब्द या मुलांच्या घरात भाजीपाल्यासारखे येतात. जगात फार थोड्या शाळांना असा कच्चा माल आयता मिळतो. तो वापरणारा माणूस पूर्णवेळ तिथे हवा.

माझ्या त्या डिझाइनरने जाता जाता एक चिंताही सांगितली. आता संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की तो दुपारपर्यंत शंभर डिझाइन काढून देतो. डिजिटल छपाईत 64 सेंटिमीटरची अटही उरत नाही. पूर्वी तो दरवर्षी गावाकडची दोन पोरे हाताशी घेत असे. यंदा एकच घेतला. मी त्याला धीर द्यायला गेलो, तर तो म्हणाला, “सर, धीर नको. त्या एकाला काय शिकवू ते सांगा.” मला लगेच सांगता आले नाही. रात्रभर विचार करून सकाळी फोनवर म्हणालो, त्याला आधी बाजारात पाठव, हातात काही न देता, आणि परत आल्यावर काढायला लाव. तो हसला. म्हणाला, “म्हणजे छत्रीवाला.”

तेव्हा आपणा सर्वांना माझी विनंती एकाच वहीची आहे. तुमच्याकडे शिकून गेलेला मुलगा आज काय करतो ते त्यात लिहा, कलाकार झाला की नाही याचा विचार न करता. माझ्या वहीत गेल्या दोन महिन्यांत एक दातांची कवळी बनवणारा आला आहे. शेजारच्या खऱ्या दाताशी खोट्या दाताची छटा जुळवणे हे त्याचे काम. पांढऱ्यात किती पांढरे असतात हे तो मला तासभर सांगत होता. एक मुलगी आहे, ती जमीन मोजणीच्या कार्यालयात नकाशे काढते. तिचे अक्षरलेखन आजही परीक्षेसारखे आहे. एक गणपती घडवतो. एक जण दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आता विनाइल कापतो आणि हाताने लिहिलेल्या पाटीची कोणी मागणी केली तर त्या दिवशी पैसे घेत नाही. छत्रीवाल्याचे नाव परवा लिहिले. त्याने स्वतःच खाली एक ओळ जोडली आहे : ‘स्मरणचित्र, कमी गुण.’

या सभागृहाच्या मागच्या भिंतीवर सुरतेच्या मुलांची चित्रे लावली आहेत. विषय ‘रेल्वे फलाट’. सकाळी येताना घाईत पाहिली. तिसऱ्या रांगेत एका चित्रात गाडी नाही, माणसे नाहीत, फक्त एक बाकडे आहे, आणि बाकड्यावर कोणीतरी विसरलेली रंगपेटी. जेवणाआधी मला ते चित्र नीट पाहायचे आहे, तेव्हा इथेच थांबतो. ज्यांनी त्याला गुण दिले असतील त्यांनीही कृपया माझ्याबरोबर यावे.