अल्पसंख्याकांच्या शाळा आणि शेजारचे मूल



ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीज काळातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आजही उभे आहे. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे जिंकले. राजवट गेली, परंतु येथील कॅथलिक समाज व त्याची मराठी बोली टिकून राहिली. ईस्ट इंडियन या नावाने ओळखला जाणारा हा समाज याच मातीतला होय.

१८५३ साली आगगाडी ठाण्यास आणि १८५४ साली कल्याणास पोहोचली. पुढे कारखाने आले, वसाहती वाढल्या. गोवा, मंगळूर व केरळ येथील कॅथलिक कुटुंबे ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात स्थायिक झाली. १९८८ मध्ये सिरो-मलबार कॅथलिकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. चर्चबरोबर शाळाही आल्या. मात्र त्यांच्या वर्गांत शेजारपाजारच्या हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध घरांतील मुलेही बसू लागली. अल्पसंख्याकांनी चालविलेली शाळा अशा रीतीने सबंध वस्तीची झाली.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशवर्गाच्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखून ठेवल्या. तथापि, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळा, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला.

प्रश्न केवळ कायद्याचा नाही. रिक्षाचालकाच्या किंवा घरकाम करणाऱ्या मातेच्या मुलाला घराजवळच्या चांगल्या शाळेचे दार उघडे मिळते की नाही, हा खरा प्रश्न आहे. कायद्याची सक्ती नसली, तरी स्वेच्छेने जागा देण्यास व शुल्कात सवलत देण्यास कोणाची आडकाठी नाही. शाळांतून मराठीचे अध्यापन २०२० च्या राज्य कायद्याने अनिवार्य झाले आहे. ते मनापासून झाल्यास घर आणि शाळा यांतील अंतर आणखी कमी होईल.

हक्काचे रक्षण न्यायालय करील. शेजारधर्म मात्र शाळेनेच पाळावयाचा आहे.