घरबसल्या मत

युरोपात एस्टोनिया नावाचा एक लहानसा देश आहे. वस्ती तेरा लाखांच्या आसपास. २००५ सालापासून तिथले लोक घरबसल्या संगणकावरून मत देऊ शकतात. २०२३ साली तिथल्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मते अशीच आली.

तुम्ही म्हणाल, "वाटेत कुणी मत वाचले तर?" प्रश्न रास्त आहे.

तिथली युक्ती पाकिटाची आहे. मत एका पाकिटात बंद करायचे. ते दुसऱ्या पाकिटात घालायचे आणि वरच्या पाकिटावर सही करायची. खरी पाकिटे नव्हेत हो! संगणक मताला जणू कुलूप घालतो. सहीही शाईची नाही. सरकारी ओळखपत्र यंत्रात घालतात आणि आपल्यालाच ठाऊक असलेला आकडा दाबतात. मोजणीआधी सही ताडून पाहतात. मग वरचे पाकीट बाजूला काढतात. आतले तेवढे उरते. ते कुणाचे, हे मग कळत नाही. आतल्या कुलपाची किल्लीही एकट्याच्या हाती नसते. ती अनेकांत वाटलेली असते.

पण घरात पडदा कुठला? घरधनी शेजारी उभा राहिला आणि "यालाच दे" म्हणाला, तर बाईने काय करावे? त्यावर जी सोय केली आहे, ती आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. मुदतीत कितीही वेळा मत बदलता येते. शेवटचे तेवढे धरतात. आता तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन कागदावर मत दिले, की घरून दिलेले रद्द होते. पैसे वाटून मत घेणाऱ्याचीही पंचाईतच!

मत नीट पोचले का, हे २०१३ पासून मतदाराला फोनवर थोडा वेळ पाहता येते.

२०१७ साली मात्र कठीण प्रसंग आला. सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांत खोट असल्याचे कळले. सरकारने ते झाकून ठेवले नाही. सप्टेंबरात लोकांना सांगितले. नोव्हेंबरात त्या पत्रांचे संगणकावरचे काम थांबवले आणि ती दुरुस्त करून घ्यायला लावले.

तरी एक गोष्ट उरतेच. कागदाची मते मोजताना गावचा कुणीही उभा राहून पाहू शकतो. संगणकातली मोजणी जाणत्यालाच कळते. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ साली मतदान यंत्रांविषयी हेच धरले. मत कसे मोजले, हे खास शिक्षण नसलेल्या साध्या नागरिकालाही तपासता आले पाहिजे, असे ते म्हणाले. एस्टोनियानेही कागदाची मतपेटी अजून मोडीत काढलेली नाही.