उंबरठ्यापलीकडची पावले
(नभोवाणीवरील भाषण)



हैदराबादेत नल्लकुंट्याचे नाव निघाले की बहुतेकांना तेथील तापाचे रुग्णालय आठवते. जुनी मंडळी त्याला ‘कोरंटी’ म्हणतात. ताप मोजणे सोपे असते. थर्मामीटरवरचा आकडा उतरला की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. आज ज्या दुखण्याविषयी मला बोलावयाचे आहे, त्याला असा एकच आकडा पुरत नाही. ते दुखणे म्हणजे पक्षाघात.

कल्पना करा, याच नल्लकुंट्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. पक्षाघाताचा झटका आला, जीव वाचला, ते घरी परतले. काठी टेकीत दारापर्यंत येतात. भेटावयास येणारा म्हणतो, “वा! चालू लागलात की!” सहा महिन्यांनी येतो, तेव्हाही हेच म्हणतो. परंतु पूर्वी हे गृहस्थ सकाळी शंकर मठापर्यंत जात, भाजी स्वतः निवडून आणीत, मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पुस्तक बदलीत. यांपैकी आज काहीच होत नाही. मग ते बरे झाले, असे म्हणावे काय?

वैद्यकाने या प्रश्नाचा विचार केला आहे. १९९१ साली पोडसिआड्लो व रिचर्डसन यांनी एक साधी कसोटी मांडली: खुर्चीतून उठावे, तीन मीटर चालावे, वळून परत येऊन बसावे, आणि लागलेला वेळ मोजावा. १९९५ साली अमेरिकेतील डॉ. जॅकलिन पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघातानंतरच्या चालीची प्रतवारी वेगावरून केली. दहा मीटर चालण्यास पंचवीस सेकंदांहून अधिक लागत असतील, तर ते चालणे बहुधा घरापुरतेच असते. साडेबारा सेकंदांहून कमी लागत असतील, तर माणूस बाहेर बराच मोकळेपणाने वावरू शकतो. मधल्यांचे बाहेर जाणे मर्यादित राहते.

परंतु वेग कळला म्हणजे माणूस कळला, असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ सालच्या वर्गीकरणात शरीराचे कार्य, व्यक्तीची कृती आणि समाजातील सहभाग या तिन्हींचा वेगवेगळा निर्देश आहे. पाय चांगले चालत असूनही जीभ अडखळते म्हणून कोणी चारचौघांत जात नाही. कोणाला पडण्याची धास्ती, कोणाला वाटेत लघवीची चिंता. कोठे फूटपाथ उखडलेला, कोठे बसची पायरी उंच. उलट, चाकाच्या खुर्चीत बसूनही एखादी आजी नातलगांचे एकही लग्न चुकवीत नाही!

म्हणून आणखी एक मोजमाप वापरतात. ते कोणत्याही घरी वहीत उतरविता येईल. गेल्या चार आठवड्यांत रोगी निजण्याच्या खोलीबाहेर आला काय? अंगणात अथवा जिन्याखाली? आपल्या वस्तीत? शहरात अन्यत्र? शहराबाहेर? प्रत्येक ठिकाणी किती वेळा, आणि कोणाच्या वा कशाच्या आधाराने? दर महिन्याला अशी नोंद ठेवली, तर प्रगती कोठे अडली ते स्पष्ट दिसते, आणि डॉक्टरांना व व्यायामोपचार करणाऱ्यांना सांगण्यासारखे काही हाती असते.

अडथळा कधी कधी आपल्या मायेचाच असतो. “तुम्ही बसा, आम्ही आणतो,” हे शब्द प्रेमाचे खरे; पण दिवसातून दहा वेळा ऐकले की माणूस उठेनासा होतो. पडण्याचा धोकाही खोटा नाही. म्हणून किती चालावे, आधार कसा द्यावा, हे तज्ज्ञांकडून शिकून घ्यावे; जिन्याला कठडा बसवावा. मग रोग्यालाच विचारावे, “तुम्हांला सर्वांत आधी कोठे जावेसे वाटते?” त्या एका ठिकाणासाठी तयारी करावी.

आमच्या शिक्षकांनी कदाचित भाजीबाजार सांगितला असता. तेथवर रिक्षाने जावे, शेवटची वीस पावले चालावी, वांगी मात्र त्यांनी स्वतः निवडावी. पुढच्या वेळी अशा कोणाला भेटावयास जाल, तेव्हा पायांची चौकशी जरूर करा, पण त्याबरोबर एवढेही विचारा, “या आठवड्यात कोठे जाऊन आलात? कोण कोण भेटले?”