रागामागचे कारण



घरोघरी दबक्या आवाजात बोलला जाणारा एक विषय आज आपणासमोर मांडतो. स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे माणूस सुनेवर दागिने चोरल्याचा आळ घेते, स्नान घालणाऱ्यावर हात उगारते, संध्याकाळ झाली की स्वतःच्याच घरात ‘मला घरी जायचे आहे’ असा हट्ट धरते. लोक नावे ठेवतील म्हणून आपण ते लपवितो आणि स्वभावाला दोष देतो.

परंतु हा स्वभाव नव्हे, आजार आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे डॉ. अल्झायमर यांच्याकडे ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री आली. पतीविषयी अकारण संशय हे तिच्या आरंभीच्या लक्षणांपैकी एक होते. १९०६ साली, तिच्या मृत्यूनंतर, डॉक्टरांना तिच्या मेंदूतच विकृती आढळली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

अशा व्यक्तीला वेदना, तहान व भीती जाणवते. सांगता मात्र येत नाही. दुखरा दात, बद्धकोष्ठ, लघवीतील जंतुसंसर्ग, गोंगाट यांपैकी काहीही रागाचे कारण असू शकते. वागणे एक-दोन दिवसांत एकाएकी बदलल्यास तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम असेल, तर दिवसा पुरेसे पाणी दिले जाते ना, हे पाहावे.

आपण व्यापारी माणसे. नोंदी ठेवण्याची आपल्याला सवय आहे. तशीच एक वही घरी ठेवावी. राग केव्हा आला, त्याआधी काय घडले, कशाने शमला, हे लिहीत गेल्यास पुष्कळदा कारण उमगते. वाद घालू नये. हरवलेली वस्तू त्यांच्यासोबत शोधावी. समोरून, सावकाश जवळ जावे. स्नानास नकार मिळाल्यास थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. शांत करणारी औषधे परस्पर देऊ नयेत. मनोविकारावरील अशा काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आहे.

शेवटी एक विनंती. हा सारा भार बहुधा घरातील सून किंवा पत्नी वाहते. आळ सोसूनही ती सेवा करते. आठवड्यातून एक दिवस आपण पुरुषांनी दुकान लवकर वाढवून तिला विश्रांती द्यावी आणि ‘तुझा दोष नाही’ हे सर्वांसमक्ष सांगावे.

जय जिनेंद्र.