पाडलेल्या घराचा हिशेब



गरिबांच्या घरांचा विषय निघाला की सरकारे नव्या घरांचे आकडे पुढे करतात. उभी असलेली स्वस्त घरे किती नाहीशी झाली, याची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात सापडत नाही. आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ११ मे २०२२ रोजी विश्वासनगर-लेबर कॉलनीतील ३३८ शासकीय घरांवर ऐन उन्हाळ्यात बुलडोझर फिरला.

प्रशासनाची बाजू कायद्याने भक्कम होती, हे मान्य केलेच पाहिजे. घरे सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी होती. निवृत्त झालेले आणि त्यांचे वारस तेथेच राहिले. न्यायालयांत रहिवाशांचा दावा टिकला नाही. घरे मोडकळीस आली होती, हेही खरे. परंतु निवृत्त माणूस जुने घर का सोडीत नाही, हा प्रश्न कायद्याचा नसून अर्थशास्त्राचा आहे. जुन्या घराचा बांधकामखर्च कधीच फिटलेला असतो आणि त्याखालची जमीन जुन्या भावाची असते. नव्या घराच्या किमतीत आजची जमीन, आजचे सिमेंट आणि कर्जाचे व्याज चढते. म्हणून पाडलेल्या घराइतके स्वस्त घर अनुदानावाचून पुन्हा बांधता येत नाही. कनिष्ठ श्रेणीच्या निवृत्तिवेतनात तर नाहीच नाही.

भाडेकरूला कायद्याचे संरक्षण आहे, असे कोणी म्हणेल. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे कायदा होता. त्याची जागा महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने घेतली. हा कायदा खाजगी मालकाला लगाम घालतो. शासनाच्या मालकीच्या जागांना मात्र तो लागूच होत नाही. म्हणजे दुसऱ्या घरमालकाला लावलेला नियम सरकारने स्वतःच्या दारापाशी थांबवला आहे!

आता मुंबईकडे पाहा. बीडीडी चाळींतही पोलिसांची सेवानिवासस्थाने होती आणि तेथेही निवृत्त पोलीस व त्यांचे वारस राहत होते. त्यांना पुनर्विकासात पंधरा लाख रुपयांत घर देण्याचा निर्णय त्याच २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये झाला. पंधरा लाख म्हणजे काही थोडी रक्कम नव्हे. तरी शासनाने या कुटुंबांशी निदान व्यवहार केला, त्यांना हिशेबात धरले. वरळीच्या जमिनीचा भाव हा खर्च पेलतो, म्हणून हे जमले, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. लेबर कॉलनीची जमीनही शहराच्या मध्यावर होती आणि तीही सार्वजनिकच होती. तिच्या एका कोपऱ्यात माफक भाड्याची घरे बांधून वृद्धांना व विधवांना आधी तेथे हलवणे आणि मग जुनी घरे उतरवणे अशक्य नव्हते. खर्च झाला असता, पण जमीन विकत घ्यावी लागली नसती. आणि शहरातल्या घराच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा जमिनीचाच असतो.

राज्यात जेथे जेथे जुनी शासकीय वसाहत धोकादायक म्हणून जाहीर होईल, तेथे पाडण्याच्या आदेशासोबत रहिवाशांची यादी, त्यांचे उत्पन्न आणि पर्यायी घराचा पत्ता जोडलेला असावा. पत्त्याचा रकाना कोरा असेल तर आदेशावर सही होऊ नये.