पिकावरचं दव कसं मोजावं?



सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हरभऱ्याची आंब ठाऊक आहेच. थंडीत रात्री हरभऱ्यावर धुतलेला पंचा पसरायचा, पहाटे पिळायचा आणि ते आंबट पाणी पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवायचं. आंबटपणा हरभऱ्याच्या पानांतून पाझरणाऱ्या आम्लांचा. पाणी मात्र दवाचं, म्हणजे दहिवराचं. तो पंचा पसरण्याआधी आणि उचलल्यावर तागडीत घातला असता, तर दवमापनच झालं असतं. लंडनचे डॉक्टर विल्यम वेल्स यांनी हेच केलं. लोकरीचे तोललेले पुंजके त्यांनी रात्री बागेत ठेवले, सकाळी पुन्हा तोलले, आणि 1814 साली दवावर निबंध प्रसिद्ध केला. दव वरून पडत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडतं, भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं, आणि त्याला लागलेल्या हवेतली वाफ तिथंच पाणी होऊन बसते. आभाळ भरलं किंवा वारा सुटला, की दव नाही.

आता हिशेब पाहू. एक मीटर लांबरुंद जागेवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. तेवढाच पंचा 150 ग्रॅमनी जड झाला, तर दव 0.15 मिलिमीटर. माण-जतकडे म्हणतात, शाळू दहिवरावर पोसतो. समजा, रोज 0.2 मिलिमीटर दव सलग 60 रात्री पडलं. (असं घडत नाही.) तरी बेरीज 12 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंचही नाही! शाळू पोसतो तो काळ्या रानातल्या ओलीवर. दव फार तर सकाळी घटकाभर पानातलं पाणी वाचवतं. हे मी गावी बोललो, तेव्हा थोरले चुलते नुसते हसले. त्यांना ते पटलेलं नाही.

पण पंचा म्हणजे पान नव्हे. पुण्यात 1932 साली हवामानखात्याचा शेती-हवामान विभाग डॉ. रामदास यांच्या हाताखाली सुरू झाला. पुढे अशा वेधशाळांत दुवदेवानी यांचं दवमापक आलं. ही रंग दिलेली लाकडी पट्टी सूर्यास्ताला मांडायची आणि सूर्योदयापूर्वी तिच्यावरचे थेंब छापील चित्रांशी ताडून पाहायचे. जमिनीपासून निरनिराळ्या उंचीवर अशा पट्ट्या ठेवतात, कारण दव सगळीकडे सारखं नसतं. उभ्या पिकात मला टीपकागद बरा वाटतो. तोललेल्या कागदानं वरची, मधली, खालची काही पानं टिपावीत, कागद लगेच पुन्हा तोलावा, आणि पानांचं क्षेत्र मोजून भाग द्यावा. सहसा वरच्या पानांवर दव जास्त मिळतं. त्यांना आकाश दिसतं. खालच्यांना वरची पानंच दिसतात. मात्र नदीकाठच्या भिजवलेल्या रानात मातीतली वाफही वर येऊन पानांवर बसते. टोकाशी टपोरा थेंब असला तर जपावं; तो पुष्कळदा पानानं स्वतःच बाहेर टाकलेला असतो.

एवढं सगळं मी तासगावकडच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मांडवाखाली उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, "सर, किती पडलं ते ऱ्हाऊ द्या. वाळलं कधी, ते सांगा."

त्यांचं बरोबर होतं. डाऊनी, म्हणजे आपला दावण्या, ग्रॅम मोजत नाही, तास मोजतो. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट येते. पान सलग काही तास ओलं राहिलं आणि हवा त्याला मानवली, तर पाऊस नसतानाही रोग आत शिरतो. खालच्या पानावर दव कमी, पण तिथं ऊन-वारा उशिरा पोचतो. म्हणून ते वाळतंही उशिरा. हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांवर किती तास होता, यावरूनही अंदाज बांधतात. तो अंदाजच. हल्ली बागांतून पानांचा ओलावा टिपणारी विजेची पट्टी असलेली हवामान-यंत्रं बसवतात. पट्टी मांडवाच्या वर उघड्यावर असेल, तर ती स्वतःचंच वाळणं सांगते. आतल्या पानाचं नाही.

त्या गृहस्थांनी पट्टी घडांच्या उंचीवर, पानांत बसवून घेतली. शेजारच्या वेलीची पाच पानं दोऱ्यानं बांधून खूण केली. पोराच्या जुन्या वहीत रोज दोन वेळा लिहितात, पट्टी वाळल्याची आणि पानं वाळल्याची. फवारणीचं त्यानंतर बघतात.